शिवूची पुडी आणि माझा चहा

“रिपोर्ट निगेटिव्ह आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात असे काही वर गेले की त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा खाली पडला. पेनं गोळा करता करता मी हसतही होते आणि रडतही होते. टेबलाखालूनच मी विचारलं, “नक्की ना मॅडम?” त्या म्हणाल्या, “नक्की. शिवन्याला एचआयव्ही नाही.”

शिवन्या म्हणजे आमची शिवू. तेव्हा ती अठरा महिन्यांची होती आणि माझ्या नवऱ्याच्या, संतोषच्या, खांद्यावर झोपली होती. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आली आणि बाईसाहेबांनी डोळासुद्धा उघडला नाही. संतोष मात्र तिच्या पाठीवर नुसता थोपटत राहिला, जणू तीच रडत होती.

मी हे लिहितेय ते आमच्यासारख्या आईबापांसाठी. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात माझं रक्त तपासलं तेव्हा त्यात एचआयव्ही निघाला. मग संतोषचं तपासलं, त्यालाही निघाला. कुणामुळे आणि कधी, हा प्रश्न आम्ही एकमेकांना एकदाच विचारला. उत्तर मिळून पोटातल्या बाळाचं काहीच भलं होणार नाही हे कळल्यावर तो सोडून दिला.

दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांना ‘एआरटी’ म्हणतात. विषाणूला रक्तात वाढू न देणारं हे औषध रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यायचं. काही महिन्यांत माझा ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचं मोजमाप, इतका खाली आला की तपासणीत तो सापडेना. शिवू जन्मली तेव्हा तिला पहिले काही आठवडे रोज विषाणू रोखणारं सिरप दिलं. सहा आठवड्यांची झाल्यावर तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, मग सहा महिन्यांची झाल्यावर, मग वर्षाची. दर वेळी निकाल येईपर्यंत माझा चहा बिघडायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनी, आज साखर विसरलात.

हो, आमची चहाची टपरी आहे. नागापूर एमआयडीसीत, एका कारखान्याच्या गेटसमोर. संतोष जवळच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. माझ्या चहाबद्दल मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पहिल्या पाळीचे लोक गेटात शिरायच्या आधी माझ्याकडे येतात. रंग बघितला की चहा कसा झालाय हे मला न पिता कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी सगळी फजिती याच गर्वातून झाली.

तर पेनं डब्यात ठेवून मी उभी राहिले. आता घरी जायचं, पेढे घ्यायचे, असं माझ्या मनात सुरू झालं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, आता जरा शिवन्याकडे बघू या.

त्यांनी तिला उठवून खुर्चीवर बसवलं आणि समोर लाकडी ठोकळे ठेवले. एकावर एक रच, असं करून दाखवलं. शिवूने एक ठोकळा उचलला, थोडा वेळ बघितला आणि माझ्या पोटावर डोकं टेकवलं. चित्रांचं पुस्तक दाखवलं, तिने बघितलं नाही. किती शब्द बोलते, असं विचारल्यावर मी म्हणाले, “आ म्हणते.” आणखी काही? मी संतोषकडे बघितलं, त्याने छताकडे बघितलं. रक्ताच्या कागदावर ‘हिमोग्लोबिन’ नऊ होतं. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा तो लाल भाग, आणि तो तिच्यात कमी होता. माती खाते का, असंही त्यांनी विचारलं. खायची. टपरीमागची ओली माती तिला कुठल्याही खाऊपेक्षा आवडायची आणि मी ते लाडाने सगळ्यांना सांगायचे.

मॅडमनी कागद बाजूला ठेवून शांतपणे सांगितलं. “ज्यांच्या आईला एचआयव्ही आहे पण त्यांना झालेला नाही, अशा मुलांना आम्ही ‘एचआयव्ही एक्सपोज्ड अनइन्फेक्टेड’ म्हणतो. विषाणूच्या जवळ वाढलेली, पण लागण न झालेली. त्यातली पुष्कळ मुलं अगदी छान वाढतात. काहींचं बोलणं, शिकणं थोडं मागं राहतं. असं का होतं ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही. पण शिवन्याचं रक्त कमी आहे, आणि ते आपण भरून काढू शकतो. या वयात मेंदू फार झपाट्याने वाढत असतो. त्याला लोह लागतं. म्हणून घाई करायची.”

मग त्यांनी पुड्यांचा डबा दिला. ‘मायक्रोन्यूट्रिएंट पावडर’, म्हणजे लोह, जस्त, जीवनसत्त्वं असं थोडं थोडं पण शरीराला लागणारं सगळं एकत्र केलेली भुकटी. दिवसाला एक पुडी, खाण्यात मिसळून. शेजारच्या खोलीत आहाराच्या ताई बसतात, त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. खरं सांगते, मी ऐकलंच नाही. मान हलवत होते, पण माझ्या डोक्यात ‘निगेटिव्ह, निगेटिव्ह’ असा ढोल वाजत होता. तुम्हाला अशी चांगली बातमी मिळेल तेव्हा, आणि ती मिळो, पुढची सूचना कागदावर लिहून घ्या.

आता अडचण अशी की आमच्या घरात संतोषची आईही राहते. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या मूळच्या शेवगाव तालुक्यातल्या. तरुणपणी दरवर्षी सहा सहा महिने कोपरगावकडे ऊसतोडीला जायच्या, आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे असतात. त्यांना आमच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. आमच्या गोळ्या थायरॉईडच्या आहेत असं आम्ही सांगितलं होतं. आत्या एकदाच म्हणाल्या होत्या, “नवराबायकोला येकदमच कसं झालं गं थायराईड?” संतोषने पाणी आणायचं निमित्त करून बाहेर धूम ठोकली होती.

स्वयंपाक आत्यांचा आणि शिवूला भरवणंही आत्यांचंच. त्या भरवायच्या त्या ताटात मी भुकटी टाकली असती तर पहिला प्रश्न हे काय, दुसरा कुणी दिलं, तिसरा का दिलं. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या ताब्यात शिवूचं एकच खाणं होतं. सकाळी ती माझ्याबरोबर टपरीवर यायची, बाकड्यावर बसून तिच्या स्टीलच्या छोट्या कपात चहा घ्यायची आणि त्यात बुडवून टोस्ट खायची. आमच्याकडे पोरांना चहा द्यायला कुणी कचरत नाही. आत्यांनी तर संतोषला उसाच्या फडावर चहा-भाकरीवरच वाढवला होता.

मी पुड्यांचा डबा टपरीत चहापत्तीच्या डब्यामागे ठेवला आणि रोज सकाळी एक पुडी शिवूच्या चहात ढवळली. चहा लगेच काळपट व्हायचा. माझ्या रोजच्या चहापेक्षा कितीतरी गडद. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. रंग आला म्हणजे औषध उतरलं, असं माझ्यातल्या चहावालीचं मत. संतोषलाही मी तो कप दाखवला होता. तोही म्हणाला, पावर दिसतीय.

तीन महिने मी एक दिवस चुकवला नाही. रिकामी पुडी फेकून दिली तर कुणी वाचेल म्हणून प्रत्येक पुडी घडी घालून एका पिशवीत ठेवली. शिवू मात्र तशीच. बाकड्यावर बसली की बसलेली. माती खायची, आ म्हणायची आणि दिवसातून तीनदा झोपायची. मी मनाला सांगायचे, औषध आहे, वेळ लागतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच. एक दशांशही वर नाही.

त्या दिवशी समुपदेशन करणारे सर होते. सर फार चांगले आहेत, माझ्या पहिल्या रिपोर्टच्या वेळी त्यांनीच मला तासभर धीर दिला होता. त्यांनी अगदी हळू विचारलं, “पुडी रोज देताय ना ताई? कधी घरातल्या अडचणीमुळे राहूनही जातं.” माझं डोकं फिरलं. मी पिशवी उघडली आणि सगळ्या रिकाम्या पुड्या त्यांच्या टेबलावर ओतल्या. मोजा म्हटलं. बाहेर बसलेल्या बायका डोकावून बघायला लागल्या. सर पुड्या गोळा करायला लागले, तर मी त्यांच्या हातातून ओढून घेतल्या. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं होतं, इतकं सगळं करूनही मीच खोटी ठरते की काय.

मॅडमनी आवाज ऐकून आत बोलावलं. त्या म्हणाल्या की, रक्त वाढत नसेल तर आणखी तपासण्या कराव्या लागतील आणि वेगळं औषध द्यावं लागेल. शिवू पावणेदोन वर्षांची झालीय, एवढे महिने हातातून गेले, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. मी खाली बसले. तेवढ्यात आहाराच्या ताई आल्या. त्यांनी ना मला धीर दिला ना शंका घेतली. एक न फोडलेली पुडी पुढे केली आणि म्हणाल्या, “रोज कशी देता, तशी मला करून दाखवा.”

मी म्हटलं, मग चहा मागवा.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं खर्चाचा विचार करतायत. मी म्हटलं, अर्धा कप पुरेल. संतोष बाहेरून चहा घेऊन आला. चहा अगदीच पाणचट होता, ते मी बोलूनही दाखवलं. मग पुडी टाकून ढवळली आणि कप त्यांच्यासमोर धरला. “बघा, कसा रंग धरतो.”

ताईंनी कपात बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. त्या म्हणाल्या, “ज्योतीताई, हा रंग म्हणजे चहाने लोह धरून ठेवल्याची खूण आहे. चहातला तुरटपणा लोहाला चिकटतो आणि पोटात ते अंगी लागू देत नाही. गरम पातळ पदार्थात ही पुडी टाकायचीच नाही. तुम्ही एकही दिवस चुकवला नाही. पण शिवन्याला त्यातलं फारच थोडं मिळालं.”

मी तो कप खाली ठेवला. तीन महिने ज्या रंगावर मी खूश होते तो रंग म्हणजे माझ्या लेकीच्या तोंडचं काढून घेतलेलं औषध होतं, आणि काढून घेणारी मीच. रडू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर पुढच्याच क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी ताईंचा हात धरून हलवायला लागले. म्हणजे शिवूत काही बिघाड नाही. म्हणजे औषध बिनकामाचं नाही. चूक चहाची आहे, आणि चहाचं काय करायचं ते मला कळतं. सरांची मी तिथेच माफी मागितली. ते म्हणाले, चूक आमचीही आहे, कशात मिसळता हे आम्ही विचारायला हवं होतं.

या वेळी मी सगळं लिहून घेतलं. शिवूचा चहा पूर्ण बंद. पुडी मऊ, कोमट खाण्यात मिसळायची, वरण-भात किंवा खिमट, तेही आधी तिच्या दोन घासांत, म्हणजे शेवटी ताटात राहून वाया जात नाही. वरून लिंबू पिळलं तर लोह जास्त लागू पडतं. मॅडमनी एक गोष्ट आणखी सांगितली. “पुडी म्हणजे जादू नाही. पुडीने मेंदूला सामान मिळेल. ते सामान वापरायला तिच्याशी बोला, खेळा. तुम्ही बोलता, तेव्हा तिचा मेंदू काम करतो.”

बसमध्ये मी लिहून घेतलेला कागद संतोषला वाचून दाखवला. दोघांनाही एकच कळलं होतं. वरण-भात म्हणजे आत्या. आता सांगावं लागणार.

संतोष म्हणाला, मी सांगतो. घरी पोचल्यावर त्याने चप्पल काढली, पुन्हा घातली आणि वर्कशॉपमध्ये काम आहे म्हणून गेला. मग मीच सांगितलं. दुपारची वेळ होती, आत्या लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून लसूण सोलायला लागले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, थायरॉईडचं खोटं, शिवूचा रिपोर्ट, पुड्या, चहा. आत्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. माझं झाल्यावर त्यांनी सोललेला लसूण वाटीत भरला आणि उठून आत गेल्या.

दोन दिवस आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं ताट त्यांनी वेगळं ठेवलं, तांब्या वेगळा ठेवला. शिवूला मात्र दोन्ही दिवस त्यांनीच भरवलं, पुडी घालून, लिंबू पिळून. मी स्वतःला बजावत होते की एवढंच हवं होतं, तेवढं तर मिळालं. तरी भांडी घासताना ते वेगळं ताट मी अगदी शेवटी हातात घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला तुझ्या डॉक्टरनीकडं ने. दवाखान्यात त्यांनी मॅडमसमोर बसून थेट विचारलं, “हिच्या हातचं खाल्लं तर व्हतंय का?” मॅडम म्हणाल्या, नाही. “उष्टं?” नाही. “मग येका तांब्यानं पानी?” नाही. आत्यांनी थोडा विचार केला. “आन् टपरीवर चहा पितेत ती लोकं?” मॅडम हसून म्हणाल्या, त्यांना काहीसुद्धा होत नाही. आत्यांनी मान डोलावली. मग त्या माझ्यावर उलटल्या.

“ह्या रोगाचं मला न्हाई सांगितलं, ते ऱ्हाऊ दे. पर पोरगी माझ्या हातानं जेवती. तिचं औशीद माझ्यापासून लपवून चहात घालती व्हय?”

औषध घेण्याच्या रांगेत बाहेर बाकावर बसलो तेव्हा आत्यांना तहान लागली. मी पटकन उठले, समोरच्या दुकानातून नवी बाटली आणते म्हटलं. आत्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. “नवी कशाला? हाय की तुझी.” आणि माझ्या पिशवीतली माझी अर्धी प्यालेली बाटली काढून त्या तोंड लावून प्यायल्या. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण मला भोकाड पसरायचं नव्हतं.

त्या दिवसापासून पुड्यांचा डबा आत्यांच्या ताब्यात गेला. आमच्या गोळ्यासुद्धा. रोज जेवणानंतर त्या आम्हा दोघांसमोर हात पुढे करतात, तळहातावर एक एक गोळी. शिवूला चहा नाही म्हणजे नाही, हे आत्यांना पटवायला मात्र आठवडा गेला. आमची पोरं काय मेली का चहानं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी मी पुडी चहात ढवळून त्यांना तो काळपट कप दाखवला. आत्यांनी वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि चहा मोरीत ओतला. त्यानंतर आत्या टपरीवर येऊन बसल्या असताना कुणी गिऱ्हाइकाने लाडाने शिवूला बशी पुढे केली तर त्या अशा काही बघायच्या की माणूस बशी मागे घ्यायचा.

आणि मी बोलायला लागले. बोलण्यात मी आधीही कमी नव्हते, पण ते सगळं गिऱ्हाइकांशी. दोन कट, एक बिनसाखरेचा, सुट्टे द्या. शिवूशी मी दिवसभरात काय बोलायचे? ‘खाली उतर’ आणि ‘हात नको लावू’. आता मी तिला सगळं सांगायला लागले. आता आलं ठेचलं. आता दूध ओतलं. बघ, वर आलं, वर आलं, उतू जाईल, गॅस बारीक. लोकांना वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. एक फिटरदादा तर म्हणाले, रेसिपी कुणाला शिकवताय? मी म्हटलं, मालकीणबाईंना.

महिन्याभरात माती सुटली. दुपारची एकच झोप राहिली. तिच्या गालांवर असा रंग आला की आत्यांनी दृष्ट काढली. आता रंगाबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी सांगतेच.

मग ती सकाळ. पहिली पाळी आत जायची गडबड होती आणि एका माणसाशी माझा उधारीवरून नव्हे, तर चहात आलं कमी की जास्त यावरून कडाक्याचा वाद चालला होता. माझी पाठ शेगडीकडे. मागून एक बारीक पण खणखणीत आवाज आला. “उतू!”

मी वळले. शिवू बाकड्यावर उभी राहून पातेल्याकडे बोट दाखवत होती. “उतू! उतू!” दूध काठापर्यंत आलं होतं. मी गॅस बारीक करायला हवा होता. ते न करता मी शिवूला उचललं आणि गेटसमोर गरागरा फिरवलं, आणि दूध भस्सकन शेगडीवर गेलं. आल्यावरून भांडणारा माणूसच धावत जाऊन गॅस बंद करून आला. आत्यांना घरी सांगितलं तर आधी म्हणाल्या, “समदं गेलं का दूध?” मग शिवूला मांडीवर घेऊन तासभर “म्हन, उतू म्हन” करत बसल्या.

नंतर शब्दांची रांगच लागली. ठेच. साख. दे. नको. ‘नको’ ती फार लवकर शिकली आणि आता दिवसभर वापरते. तुमचं मूल मागे आहे असं कुणी सांगितलं तर मी म्हणेन, घाबरा, पण थोडा वेळच. मग कामाला लागा. तपासणीला वेळेवर न्या, पुडी कशात देता ते बारीकसारीक सांगा, आणि ज्याच्या हातून मूल जेवतं त्याच्यापासून काही लपवू नका. पुडीमुळे किती झालं, बोलण्यामुळे किती, आत्यांच्या वरण-भातामुळे किती, हे मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, वेगळं करून सांगता येणार नाही. मला ते उत्तर आवडलं.

शिवू सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तीच तपासणी झाली, त्याच खोलीत. या वेळी आम्ही सगळेच गेलो. संतोषने वर्कशॉपमधून सुट्टी घेतली, आत्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या. हिमोग्लोबिन अकरा. आत्यांनी विचारलं, किती पैकी? सर म्हणाले, पुरेसं आहे आजी.

मग मॅडमनी ठोकळे ठेवले. शिवूने पाच रचले आणि सहावा ठेवताना सगळे पाडले आणि स्वतःच हसली. चित्रांच्या पुस्तकात तिने गाय ओळखली, गाडी ओळखली, बदकाला कोंबडी म्हणाली. आमच्याकडे बदक कुठलं येणार. मॅडमनी शेवटी तीन रिकामे छोटे कप पालथे ठेवले आणि एकाखाली मणी लपवला. मणी कुठे आहे ते शोधायचं होतं. शिवूने बरोबर तोच कप उचलला, मणी बघितला आणि बाजूला सारला. मण्यात तिला काही रस नव्हता. तिने तिन्ही कप सुलटे करून ओळीत लावले. एक कप दोन्ही हातांत धरून ती खुर्चीवरून उतरली आणि मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली.

“घे. गरम हाय.”

मॅडमचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी पेन ठेवलं, कप घेतला, फुंकर मारली आणि प्यायल्या. दुसरा कप आत्यांना. आत्यांनी घोट घेतल्यासारखं केलं आणि नेहमीच्या सवयीने नाक मुरडलं. “साकर कमी हाय.” शिवूने कप परत घेतला, चिमटीत नसलेली साखर उचलली, दोनदा टाकली, बोटाने ढवळलं आणि पुन्हा आत्यांच्या हातात दिला. मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या, “नसलेली साखर घालता येणं, हे आमच्या कुठल्याही ठोकळ्यापेक्षा मोठं आहे.”

डॉक्टर मॅडम, आहाराच्या ताई, माझ्या रागाला न घाबरलेले सर, आणि आत्या, यांचे उपकार मी कसे फेडणार ते मला माहीत नाही. इतकं माहीत आहे की सकाळी अंधार असताना मी शेगडी पेटवते, दिवसभर लोकांच्या हातात चहा देते, आणि माझ्या हातात आयता चहा आजवर कुणी दिला नव्हता.

शिवूने तिसरा कप उचलला. संतोषने हात पुढे केला होता, त्याला तिने “नको” म्हटलं आणि माझ्याकडे आली. “आई, घे.” मी रिकाम्या कपात बघितलं. रंग काही दिसला नाही. मी फुंकून फुंकून, शेवटच्या घोटापर्यंत तो चहा प्यायले.